डाव्या बाजूच्या टिकल्या

"तांबडा जास्त झालाय," अण्णा म्हणाले.

मी हेडफोन मानेवर घेतला आणि त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडेच बघत होते. "तांबडा म्हणजे काय हो अण्णा?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा विचारलं.

"तांबडा म्हणजे ढोलकी. दोन घरं खाली घे."

मी मनात म्हटलं, घ्या, आता रंग बघून मिक्सिंग करायचं. पण म्हातारा माणूस, मालक, शिवाय माझा नोकरीचा दुसराच दिवस. ढोलकी खाली घेतली आणि पुन्हा ऐकलं. गाणाऱ्या बाईंचा आवाज असा मोकळा झाला की माझ्या अंगावर काटाच आला. मी पुण्याला वर्षभर ध्वनिमुद्रणाचा कोर्स करून, पहिला नंबर काढून आलेली. कानाचा मला भारी गर्व. आणि ही चूक मला ऐकू न येता ह्या माणसाला दिसली, याचा मला रागच आला.

ही दोन हजार अकराच्या जानेवारीतली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, बॅटऱ्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर 'तोडकर ध्वनिमुद्रण' होतं. दिनकर तोडकर, म्हणजे अण्णा, चाळीस वर्षं संगीत बसवत होते. भजनं, गौरीची गाणी, बँडवाल्यांच्या चाली, सगळं. त्यांच्या पत्नी मालूकाकू गायच्या. मला एवढंच ठाऊक होतं की काकू गात, चहा करत, आलेल्या-गेलेल्याचं बघत, आणि अण्णा मशिनवर बसत. पाटीवर नाव अण्णांचं, सीडीवर नाव अण्णांचं, मग आणखी काय समजणार? काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

अण्णांनी मला एकाच कामाला बोलावलं होतं. काकूंच्या अकरा गौरीगीतांपैकी दहा पुरी झाली होती. अकरावं, गौरीला निरोप द्यायचं, तसंच पडलं होतं. त्याची दोनच कडवी मुद्रित झाली आणि काकू आजारी पडल्या.

"वर्षश्राद्धाच्या दिवशी मला ते एकदा ऐकायचंय," अण्णा म्हणाले होते. "एकदाच. पण नीट ऐकायचंय."

"आणि तिसरं कडवं?"

"ते तिनं कुणाला सांगितलंच नाही. गाणं तिनंच रचलेलं. म्हणायची, माइकसमोर उभी राहीन तेव्हाच ऐका. मग राहिलंच." मग म्हणाले, "माझ्याच्यानं त्या खुर्चीत बसवत नाही. तू बस."

मला वाटलं, पाठ दुखत असेल. श्राद्ध तीन आठवड्यांवर होतं.

त्या खुर्चीत बसल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. तसलं सॉफ्टवेअर मी जन्मात बघितलं नव्हतं. म्हणजे सॉफ्टवेअर तेच, पुण्याला शिकवलेलं, पण त्याचं रंगरूप पार बदललेलं. पडदा काळाकुट्ट. त्यावर एकेका वाद्याची पट्टी चांगली दोन बोटं जाड. ढोलकी तांबडी, पेटी हळदी, झांज पांढरी, मागं गाणाऱ्या बायका डाळिंबी आणि काकूंचा आवाज मोरपंखी. आवाज किती मोठा ते दाखवणारे दिवे एरवी कोपऱ्यात असतात, इथं त्यांनी अर्धा पडदा खाल्लेला. गाणं सुरू झालं की समोर लग्नाचा मांडव हलल्यासारखं दिसायचं.

कीबोर्ड तर त्याहून वरताण. जगात सगळीकडे गाणं सुरू करायला स्पेसबार दाबतात. इथं स्पेसबार दाबला की काहीच व्हायचं नाही. सुरू करायला A, थांबवायला Z, मागं जायला W, ढोलकी एकटी ऐकायला S. जेवढे म्हणून शॉर्टकट होते तेवढे डाव्या अर्ध्या बाजूला कोंबलेले, आणि त्या प्रत्येक कीवर त्या त्या रंगाची टिकली चिकटवलेली. कपाळावर लावतात ती, साधी. उजवी अर्धी बाजू कोरी. तिथल्या कीवरची अक्षरंसुद्धा नव्यासारखी काळी होती, कुणी बोटच लावलं नव्हतं. डावीकडची पार पुसलेली.

Q वर मोरपंखी टिकली होती. ती की दाबली की कोपऱ्यात एक मोरपंखी ठिपका लागायचा, पुन्हा दाबली की विझायचा. गाण्यात काही फरक पडायचा नाही. शोभेला असेल म्हणून मी सोडून दिलं.

पण खरं सांगायचं तर मला त्या खोलीत नकोसं व्हायचं ते अण्णांमुळं. खुर्चीच्या उजव्या बाजूला एक स्टूल होतं. ते हलवायचं नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. अण्णा त्यावर बसायचे आणि डावं मनगट उताणं करून माझ्यासमोर टेबलावर ठेवायचे. वैद्याला नाडी दाखवायला बसल्यासारखे. एक शब्द बोलायचे नाहीत. गाणं संपलं की मनगट काढून घ्यायचे आणि सांगायचे, हळदी फिका पडला, डाळिंबी पुढं आली. बोलताना माझ्या डोळ्यांत कधी बघायचे नाहीत, तोंडाकडे टक लावायचे. मला चीड यायची. मी खुर्ची टिचभर डावीकडे ओढून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी नऊला गेले तर दार उघडं. अण्णा आधीच येऊन बसले होते. कॉम्प्युटर बंद, खोलीत एक दिवा नाही, आणि हे स्टुलावर, डोळे मिटून, मनगट टेबलावर उताणं. मान डोलत होती. मी दारातच थांबले. तो डोल उगाचचा नव्हता, अण्णा बरोब्बर समेवर येत होते. मी चपला काढल्या, पिशवी आपटली, खाकरले, तरी त्यांना पत्ता नाही. शेवटी मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकले, आणि मनगट पटकन सदऱ्याच्या बाहीत ओढून घेतलं. लहान मुलाला चोरून खाताना पकडावं तसे ओशाळले.

चौथ्या दिवशी मी ठरवलं, पुरे झाली ही थेरं. सॉफ्टवेअरची मूळची थीम लावली, साधी करडी. शॉर्टकट मूळचे केले. स्पेसबारवर गाणं सुरू झालं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. दिवसभर दणकून काम केलं, बंद करून गेले.

सकाळी कॉम्प्युटर लावला तर पडदा काळा. पट्ट्या तांबड्या, हळदी, मोरपंखी. स्पेसबार मुका.

म्हटलं, सेव्ह करायला विसरले असेन. पुन्हा सगळं बदललं, दोनदा तपासून सेव्ह केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. त्याच्या दुसऱ्या सकाळीही तेच. आता मात्र मी दाराचं कुलूप तपासलं. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक अण्णांकडे. मी त्यांना सरळच विचारलं, तुम्ही येऊन बदलता का? ते हसले. म्हणाले, "मला ते सुरू कुठनं होतंय ते बी ठाऊक नाही, बाळ."

मला वाटलं, धडधडीत खोटं बोलतायत. इतकी वर्षं मशिनवर बसलेला माणूस, आणि म्हणे सुरू करता येत नाही.

मग मी कॉम्प्युटर पार उसवला. आणि सापडलं. सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फायलींमध्ये एक बारकी फाइल होती. तिचं नाव 'मालू सकाळ'. रोज सकाळी कॉम्प्युटर लागला की ती सगळे रंग आणि सगळे शॉर्टकट होते तसे परत आणून ठेवायची. फाइलवर तारीख चार वर्षांपूर्वीची. म्हणजे हे सगळं काकूंनी केलेलं होतं. मला जरा नवल वाटलं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. भूतबीत काही नाही, एका हौशी बाईचं कौतुक आहे. साड्यांना मॅचिंग करावं तसे रंग लावलेत. मला मोठं हसू आलं.

आणि मी ती फाइल उडवली. कचरापेटीही रिकामी केली. मग नखानं एकेक टिकली खरवडून काढली आणि टेबलाखालच्या डब्यात टाकली. त्या टिकल्या लवकर निघत नव्हत्या. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली. तेव्हा मी शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी पडदा करडाच राहिला. अण्णा आले, स्टुलावर बसले, आणि वर बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही.

"रंग गेले," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं की आता सगळीकडे असंच असतं, डोळ्यांना बरं पडतं, काम भराभर होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाले. मनगट टेबलावर ठेवलं, गाणं संपेपर्यंत तसंच ठेवलं, आणि पहिल्यांदाच काही न सांगता उठले. त्यानंतरचे आठ-दहा दिवस असेच गेले. ढोलकी मोठी की लहान, काही नाही. मी विचारायची, कसं वाटलं? ते म्हणायचे, छान. मला वाटलं, चला, अखेर माझं काम पटलं यांना. एकदा तर आईला फोनवर सांगितलंही, की म्हातारबुवा आता माझ्या कामात बोट घालत नाहीत.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी गाणं पुरं झालं. दोन कडवी, शेवटी पेटीचा सूर हळूहळू विरत जाणारा. मी अण्णांना बसवलं. सुरू करायच्या आधी ढोलकी एकदा एकटी ऐकावी म्हणून बोट सवयीनं S वर गेलं. काही झालं नाही तेव्हा आठवलं, आता ढोलकी S वर नाही. तेवढ्यात आईचा फोन आला. मी स्पेसबार दाबून गाणं लावून दिलं आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. खाली ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या ओढत होते, आईचं बोलणंही धड कळत नव्हतं. परत आले तर गाणं संपलेलं.

"छान झालंय," अण्णा म्हणाले. "काही राहिलं नाही. उद्या दुपारी, सगळं आटोपल्यावर, परत एकदा लाव." मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. घरी उद्या पाहुण्यांची गडबड, कुठं तरी पडायची, तुझ्याकडेच राहू दे म्हणाले. आणि भटजींना सामानाची यादी विचारायला निघून गेले.

ते जिना उतरले आणि दहा मिनिटांत इलाहीभाई आले. इलाही मुजावर, काकूंच्या सगळ्या गाण्यांना ढोलकी त्यांचीच. पन्नाशीचा शांत माणूस. गाणं पुरं झालं म्हणून कळलं, ऐकायला आलो म्हणाले. मी दिमाखात लावलं.

टिक. टिक. टिक. टिक.

सबंध गाण्यावर घड्याळ वाजल्यासारखी टिकटिक. वादकांना लय कळावी म्हणून मुद्रणाच्या वेळी कानात देतात तो क्लिक. मूळच्या शॉर्टकटमध्ये S दाबलं की तोच सुरू होतो. काकूंच्या कीवर सरावलेल्या माझ्या बोटानं तो लावून ठेवला होता. काकूंचा आवाज, ढोलकी, पेटी, सगळ्याच्या वर तो आवाज खिळे ठोकल्यासारखा चालला होता. माझे कान लाल झाले. पटकन बंद केला आणि बडबडत राहिले, की चुकून राहिलं, असं कधी होत नाही माझ्याकडून.

"हे अण्णांनी ऐकलं?" इलाहीभाईंनी विचारलं.

"आत्ताच. छान झालंय म्हणाले." आणि ते बोलताना माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय.

 इलाहीभाईंनी रिकाम्या स्टुलाकडे बघितलं, करड्या पडद्याकडे बघितलं, आणि माझ्या कीबोर्डकडे. बोटानं एका कीवरचा टिकलीचा चिकट डाग चोळला.

"अण्णांना ऐकू येत नाही, पोरी," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. आधी उजवा गेला, मग डावा. आता काहीच नाही. ओठ बघून बोलतात."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

त्यांनी मग सगळं सांगितलं. संगीत बसवणाऱ्याचे कान गेले हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून कुणी दारात उभं राहिलं नसतं. म्हणून मालूकाकू वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकल्या आणि खुर्चीत बसल्या. दार लावून घ्यायच्या. लोकांना वाटायचं, आत अण्णा काम करतायत. कोण किती मोठ्यानं वाजतंय ते अण्णांना दिसावं म्हणून एकेकाला रंग दिला, दिवे मोठे केले. आणि गाणं पोचावं म्हणून उजवा हात त्यांच्या मनगटावर ठेवला.

"ढोलकीचा ठेका अंगठ्यानं. सूर बोटांनी. कुठलं बोट कुठं दाबलं म्हणजे काय, ते त्या दोघांनाच ठाऊक. मी समोर बसून वाजवायचो, मला मधल्या काचेतून दिसायचं. नवरा-बायको हातात हात घालून बसलेत, असं वाटायचं बघ." इलाहीभाईंनी डोळे पुसले. "तो हात कधी उचलायचा नाही म्हणून मशिनचं सगळं डावीकडं घेतलं त्यांनी."

मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस दिवस तो माणूस माझ्यासमोर मनगट ठेवून बसला होता. मागायची लाज वाटली असेल त्याला. परक्या पोरीला कसं म्हणणार, हात धर म्हणून? आणि मी खुर्ची लांब ओढत होते. निदान रंग होते तोवर डोळ्यांनी तरी ऐकत होता, तेही मी घालवले. वर्षभर थांबून त्यानं एकच मागितलं होतं, की एकदा ऐकायचंय. ती वाट मीच बुजवली होती.

इलाहीभाई गेल्यावर मी कामाला लागले. उडवलेली फाइल परत येईना, नाही नाही ते करून बघितलं. मग आठवून आठवून रंग लावायला लागले. तांबडा जमला, हळदी बरा जमला. मोरपंखी काही केल्या जमेना. एकदा निळा व्हायचा, एकदा हिरवा, काकूंचा होईना. शॉर्टकटही निम्मेच आठवले. नुसतं बसून आठवताना एक बोट हलत नव्हतं. सात वाजता हात टेकले. जे अर्धवट झालं होतं तेही मला बघवेना, म्हणून सेव्ह न करताच बंद केलं. कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि पर्स उशाशी घेऊन झोपले.

सकाळी नऊला मी कुलूप उघडलं. खोली काल सोडली तशीच होती. कॉम्प्युटर लावला.

पडदा काळा झाला. त्यावर एकेक पट्टी उमटत गेली. तांबडी, हळदी, पांढरी, डाळिंबी. आणि मोरपंखी, अगदी काकूंचा मोरपंखी, मला काल काही केल्या न जमलेला.

मी हात मांडीवर ठेवून बसले.  ती फाइल मी पुन्हा शोधली. नव्हती. मग कीबोर्डकडे लक्ष गेलं. सगळ्या कीवर कालचे चिकट डाग होते, आणि एकट्या Q वर टिकली होती. मोरपंखी. कोरी करकरीत.

मी वाकून टेबलाखालचा डबा ओढला. माझ्या नखानं चुरगळलेल्या टिकल्या तळाशी पडलेल्या होत्या. मी मोजून बघितल्या. मोरपंखीही त्यांच्यात होती.

पळून जावं असं वाटलं नाही असं म्हणणार नाही. उठले होते, पिशवी उचलली होती. पण असं उठत-बसत एक वाजला, अण्णांची यायची वेळ झाली. मी त्यांना गॅलरीतून बघितलं, नवं धोतर, कपाळाला गंध, जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी वर येत होते. मी पिशवी खाली ठेवली.

अण्णा आत आले आणि पडद्यासमोर थांबले. बराच वेळ थांबले.  मग स्टुलावर बसले आणि मनगट टेबलावर ठेवलं.

मी खुर्ची उजवीकडे ओढली. त्यांच्याकडे तोंड केलं आणि सावकाश म्हटलं, "अण्णा, मला येत नाही ते. मला फक्त ढोलकीचा ठेका देता येईल."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले. "इलाहीनं सांगितलं?"

"हो."

"बरं केलं. ठेका तर ठेका. दे तेवढाच."

मी उजवा हात त्यांच्या मनगटावर ठेवला. सुरकुतलेलं, गरम मनगट. डाव्या हातानं A दाबलं.

पहिलं कडवं सुरू झालं. तेरड्याच्या पावलांनी गौराई आली, असं काहीसं. मी अंगठ्यानं ठेका धरला. दोनदा चुकले, मग सापडला. अण्णांची मान हलकी डोलायला लागली. मला बरं वाटलं, निदान एवढं तरी पोचतंय. दुसऱ्या कडव्याला मी पडद्याकडे बघत होते, मोरपंखी पट्टी लाटेसारखी वरखाली होत होती, आणि मला जाणवलं की माझी बाकीची बोटं हलतायत.

मी ती हलवत नव्हते. करंगळी दाबायची, मग मधलं, मग दोन एकदम. काकूंचा आवाज जिथं वर चढायचा तिथं तर्जनी मनगटाच्या शिरेवर सरकायची. मला पेटीसुद्धा धड येत नाही. मी हात उचलायचा प्रयत्न केला, उचलला नाही. जड झालेला नव्हता, दुखतही नव्हता. माझ्या हातावर कुणीतरी आपला हात ठेवावा तसा तो उबदार झाला होता, एवढंच.

दुसरं कडवं संपलं. पेटीचा सूर विरला. पडद्यावरचे सगळे दिवे खाली बसले आणि खोली शांत झाली.

माझी बोटं थांबली नाहीत. अंगठा ठेका देत होता, बोटं सूर देत होती. अण्णांचे डोळे मिटलेले, मान डोलतेय. माझ्या डाव्या हाताची करंगळी आपसूक वर गेली आणि Q दाबलं. कोपऱ्यात मोरपंखी ठिपका लागला. अण्णांचे ओठ हलले आणि ते गायला लागले. कान गेलेल्या माणसाचा सूर हलतो, त्यांचाही हलत होता, पण चाल तीच होती.

"सोड गं बाई हात आता, उंबरा मला ओलांडू दे,
मागं वळून बघायाची ओढ एवढी सांडू दे."

दोनदा गायले. दुसऱ्यांदा आवाज पार फाटला. शेवटच्या अक्षराला माझी बोटं जागच्या जागी थांबली, आणि हात माझा मला परत मिळाला. गार झाला होता.

अण्णांनी आपणहून मनगट काढून घेतलं. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "हे तिसरं," ते म्हणाले.

 मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं ते?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, जरासे हसले. "आता तूच तर सांगितलंस की."

मग ते उठले. आजवर कुणी न हलवलेलं ते स्टूल उचललं, भिंतीशी नेऊन ठेवलं, आणि घरी पाहुणे जेवायचे थांबलेत म्हणून जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तेव्हा पडदा करडा होता. Q वर टिकलीचा डागसुद्धा नव्हता. पण गाण्याच्या तळाशी एक नवी पट्टी होती. Q च्या कीनं गायकाशी बोलायच्या टेबलावरच्या माइकवरून मुद्रण सुरू होत होतं, आणि अण्णांचं कडवं त्यात आलं होतं. मी इलाहीभाईंना बोलावून घेतलं, एकटीनं ऐकायचं माझं धाडस नव्हतं. आम्ही दोघांनी ऐकलं. आधी माझ्या अंगठ्याचा पुसट ठेका. मग अण्णा गायला लागायच्या आधी एक श्वास. गाणं उचलण्याआधी गायक घेतो तसा, लांब, भरून घेतलेला. बाईचा.

इलाहीभाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. मग म्हणाले, "वीस वर्षं ह्या श्वासावर ढोलकी उचललीय मी."

गाण्याआधीचे श्वास कापून टाकायचे असतात, असं आम्हाला पुण्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तो मी कापला नाही. सीडी निघाली तेव्हा अण्णांनी पहिल्यांदाच ध्वनिमुद्रणाखाली काकूंचं नाव घालायला लावलं. अकराव्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर पेटी विरली की तो श्वास आहे. नीट कान दिला तर ऐकू येतो.